बांधांनी मोजलेला डोंगर

आमच्या घराची फरशी समुद्राच्या पातळीपेक्षा चार मीटर खाली आहे, आणि यात काही विशेष आहे असं माझ्या नवऱ्याला कधीच वाटलं नाही. वोब्बे आयुष्यभर पंपघरात होता. बांधापलीकडचं सरोवर रात्रंदिवस बांधाखालून पाझरत असतं, वरून पाऊस असतोच. ते सगळं पाणी उचलून पुन्हा बांधापलीकडे टाकलं की आमचे बटाटे, कांदे आणि आम्ही कोरडे राहतो. पंप थांबले तर आमच्या शेगडीवर मासे पोहतील, असं तो पाहुण्यांना सांगतो, आणि पाहुणे हसले की त्याला नवल वाटतं.

रोज सकाळी कॉफी पिताना तो राईन नदीची पातळी बघतो. राईनचा एक फाटा आमच्या सरोवरात येऊन मिळतो. आकडा वाढला की तो म्हणतो, "वरती बर्फ वितळलं." वरती म्हणजे कुठे, ते त्याने कधी पाहिलं नव्हतं. आमची नीन्के लहान असताना पंपघराच्या कठड्याला धरून त्याला विचारायची, "बाबा, एवढं पाणी येतं कुठून?" तो म्हणायचा, "डोंगरातून." ती विचारायची, "डोंगर कसा असतो?" यावर त्याचं उत्तर ठरलेलं होतं. "दाखवीन कधीतरी."

दाखवला नाहीच. मग तीच गेली. एका उन्हाळ्यात गाई राखायच्या कामावर म्हणून स्वित्झर्लंडला गेली आणि तिथल्या फ्लुरिनशी लग्न करून राहिली. उन्हाळाभर ती वरच्या कुरणात गाई घेऊन असते, तिथल्या लाकडी घरात चीज करते. अकरा वर्षं झाली. मी तीनदा जाऊन आले, आगगाडीने. वोब्बे एकदाही गेला नाही. कधी वादळाचा इशारा, कधी नवी मोटर बसवायची, कधी बदली माणूस आजारी. पंप म्हटलं की पुढे कुणी बोलू शकत नाही, कारण आमचा सगळ्यांचा जीव त्यावर.

या एप्रिलमध्ये तो निवृत्त झाला. केक झाला, भाषणं झाली, आणि शेजारच्या तीमेनचा जुना कॅम्पर, म्हणजे आत झोपायची-रांधायची सोय असलेली गाडी, आम्ही विकत घेतला. त्याच आठवड्यात नीन्केचा मला फोन आला.

"आई, बाबा या ऑगस्टमध्येही आला नाही, तर मी यापुढे बोलावणार नाही. रागाने नाही म्हणत. दमले आता. लादीना विचारते, आजोबांना आपण आवडत नाही का. मी तिला काय सांगू?"

लादीना आमची नात, दहा वर्षांची. जंगलातल्या पायवाटांवरून सायकल अशी हाणते की व्हिडिओ बघताना मी डोळे मिटून घेते. कुरणावरून खाली येणारी तिची एक खास वाट आहे आणि त्या वाटेने तिला आजोबांना आणायचं होतं. मी हे सगळं वोब्बेला शब्दन् शब्द सांगितलं. 

"येतो की," तो म्हणाला. "नीट आखणी करू, म्हणजे झालं."

आखणी त्याच्याच हातात सोपवली, ही माझी चूक. स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशे पसरले ते जूनपर्यंत उचललेच नाहीत, आम्ही आपले ताटं मांडीवर घेऊन जेवायचो. गाईड नको, हॉटेल नको, सगळं आपलं आपण. कॅम्परमध्ये बटाट्यांचं पोतं, पीनट बटरचे डबे, आमची कॉफी, आमचीच बिस्किटं, कारण परदेशात पोटाचं काय होईल याचा भरवसा नाही. वाढदिवसांचं कॅलेंडर आमच्याकडे सगळेच संडासात लावतात, तेही घरून काढून कॅम्परच्या संडासात टांगलं, नाहीतर तीमेनच्या बायकोचा वाढदिवस विसरायचो आणि मग वर्षभर तिचं तोंड बघायची सोय नाही. मागे दोन डोंगरी सायकली. रोज किती किलोमीटर, वारा कुठून, समोरून असला तर किती वेळ जास्त, सगळं त्याने लिहिलं होतं. शेवटच्या दिवसापुढे त्याच्या नीटस अक्षरात होतं: दरीतल्या कॅम्पपासून नीन्केचं घर, अकरा किलोमीटर, रस्ता जंगलातून, वारा नाही, चाळीस मिनिटं. दहाची कॉफी तिच्याकडे.

रविवारी त्याने ते मोठ्या कौतुकाने फोनवर वाचून दाखवलं.  पलीकडे लादीना खो खो हसायला लागली.

"आजोबा, चाळीस मिनिटांत तर आमची गाय खालीसुद्धा पोचत नाही."

"तू गप गं," नीन्के म्हणाली. "बाबा, चढ किती धरलास?"

"कसला चढ?"

"चढ म्हणजे चढ. रस्ता वर जातो ना."

"अकरा किलोमीटर आहे ना पण?"

"अकरा किलोमीटर आहे, आणि त्या अकरा किलोमीटरमध्ये तू हजार मीटर वर येणार आहेस."

आमच्याकडे कुणाचंही हेच झालं असतं, हे मी त्याच्या बाजूने सांगते. सायकल शिकताना आम्हाला दोनच गोष्टी शिकवतात, अंतर आणि वारा. तिसरी काही असते हे कुणाच्या डोक्यात येत नाही, कारण तिसरं इथे काही नाहीच. वोब्बेने कागदावर हजार लिहिलं, त्याभोवती गोल काढला आणि फोन ठेवला. मग लाकडी बूट चढवून तो बाहेर गेला. मीही त्याच्यामागे गेले.

आमच्या दारापासून रस्ता सरळ निघतो, दोरी ताणल्यासारखा. दोन्ही बाजूंना पॉप्लरची झाडं, आणि पार टोकाला तीमेनचं धान्याचं कोठार, इथून काडेपेटीएवढं दिसतं. वोब्बे फाटकात उभा राहून त्या कोठाराकडे बघत होता.

"तीमेनचं कोठार एक किलोमीटरवर," तो म्हणाला. "बरोबर हजार मीटर."

"बरं मग?"

"अगं हिस्के, हा रस्ता उचल. ते टोक धर आणि उभा कर."

मी मनात तसं केलं, आणि खरंच सांगते, माझा हात आपोआप फाटकावर गेला. सगळी झाडं एकावर एक उभी राहिली. कालवा उभा राहिला. मी मान वर करत गेले, करत गेले, आणि पार वर, जिथे ढग असतात, तिथे तीमेनचं कोठार होतं. इतकी वर्षं मी या रस्त्याने दूध, पोरं, बटाटे ने-आण केले, तो रस्ता एवढा मोठा आहे हे मला ठाऊकच नव्हतं. आणि त्या टोकाला माझी पोरगी रोज सकाळी उठून चुलीला जाळ घालते. मी तीनदा तिथे गेले होते, फ्लुरिनच्या जीपमध्ये बसून, विणकाम करत. कुठे गेले होते ते आज कळलं.

"मला जमणार नाही," वोब्बे म्हणाला.

"पायांचं म्हणतोस? हळूहळू जाऊ. ढकलत जाऊ."

"पाय नाही गं." तो माझ्याकडे न बघता बोलत होता. "मला भीती वाटते. शाळेत असताना चर्चच्या मनोऱ्यावर नेलं होतं. मी अर्ध्या जिन्यात बसलो तो उठलोच नाही. घंटा वाजवणाऱ्या म्हाताऱ्याने पाठुंगळी घेऊन खाली आणलं. तेव्हापासून मी बांधापेक्षा उंच कुठे गेलेलो नाही."

"म्हणजे अकरा वर्षं कारण पंप नव्हते?"

"पंप होते," तो म्हणाला. "पण बदली माणूसही होता."

माझं डोकं फिरलं. अकरा वर्षं मी पोरीला वादळं आणि मोटरी सांगत आले होते, अगदी मनापासून, आणि हा माणूस शेजारी बसून मान डोलवत होता. मी त्याला म्हटलं, तू तिला हे सांग, नाहीतर मी सांगते. तो म्हणाला, नको, तिच्या बापाला मनोरा चढता येत नाही हे तिला नको कळायला. मी म्हटलं, मग तिच्या बापाला ती आवडत नाही हेच कळू दे, ते बरं आहे ना. त्यानंतर आमच्यात बोलणं नव्हतं. टेबलावर नकाशे तसेच पडून होते आणि आम्ही आपापलं ताट मांडीवर घेऊन जेवत होतो.

एका सकाळी मी उठले तर तो टेबलाशी बसला होता, आणि समोर नवा कोरा कागद होता.

"पंप नव्हते तेव्हा पाणी कसं उपसायचे, माहीत आहे?" त्याने विचारलं, जणू कालपर्यंत आम्ही बोलतच होतो.

"पवनचक्कीने. शाळेत मीही गेले होते."

"एका पवनचक्कीला सगळी उंची झेपत नाही. म्हणून ओळीने चार बांधायचे. पहिली थोडंसं उचलते आणि एका टाक्यात टाकते. दुसरी त्या टाक्यातून थोडंसं उचलते. पाण्याला शेवटपर्यंतची उंची कुणी सांगतच नाही हिस्के. त्याला फक्त पुढचं टाकं."

त्याने कागद माझ्याकडे सरकवला. सगळी सहल नव्याने आखली होती. किलोमीटर कुठेच नव्हते, वाराही नव्हता. पहिला मुक्काम जर्मनीत, जिथे टेकडी आमच्या बांधाच्या दुप्पट. दुसरा त्याहून वर, तिसरा आणखी वर, काळ्या जंगलात, मग स्वित्झर्लंडच्या सीमेवर. प्रत्येक मुक्कामी कॅम्पर उभा करून सायकलने एक चढ चढायचा, तिथे कॉफी प्यायची, खाली बघायचं, डोळे सरावले की पुढे. प्रत्येक उंचीपुढे त्याने मीटर खोडून आमचं माप लिहिलं होतं, सहा मीटरचा एक बांध. दोन बांध, दहा बांध, चाळीस बांध. शेवटचा चढ एकशे सत्तर बांधांचा, आणि त्याचे त्याने टप्पे पाडले होते. टप्प्याला नाव होतं टाकं.

"बांध तर मी रोज चढतो," तो म्हणाला.

 मी त्याच्या कपात कॉफी ओतली आणि बरोबर दोन बिस्किटं ठेवली. आमच्या घरात एरवी एकच मिळतं.

मग सगळा उन्हाळा तो बांध चढला. बांधावरच्या मेंढ्यांना आधी वाटलं खायला आणलंय. पहिल्या दिवशी उतारावर त्याने सवयीप्रमाणे थांबायला उलटं पेडल मारलं. आमच्या सायकली तशाच थांबतात, पण ही डोंगरी. पेडल नुसतं गरगर फिरलं आणि हा थेट मेंढ्यांत घुसला. तीमेनने ते पाहिलं, म्हणजे संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाने पाहिलं.

"काय वोब्बे, लोकर कातरायला सायकलवरून?" तीमेन म्हणायचा. "बॅटरीची सायकल घे की शहाण्यासारखी. आपल्या वयाच्या सगळ्यांकडे आहे."

"मोटरने उचलायचं काम आयुष्यभर केलं," वोब्बे म्हणायचा. "आता एकदा मोटर बंद ठेवून बघतो."

जुलैच्या शेवटी त्याने ठरवलं, एका दिवसात सगळा डोंगर इथेच चढायचा. बांधावर वर-खाली, वर-खाली, एकशे सत्तर. उजाडताच सुरू झाला. लादीनाला त्याने फोनवर सांगून ठेवलं होतं, ती दर तासाला विचारायची, "आजोबा, कितवा बांध?" आणि हा धापा टाकत आकडा सांगायचा. मी ब्रेड-चीज आणि ताक घेऊन जात होते. दुपारी तीमेन खुर्ची घेऊन आला, टिंगल करायला. नंतर त्याची टिंगल थांबली आणि तो बोटांवर मोजायला लागला.

ऊन उतरलं तेव्हा शेवटचा झाला. मी बांधावर चढून त्याच्याशेजारी उभी राहिले. एका बाजूला सरोवर, अगदी पायाशी, दुसऱ्या बाजूला खाली आमची कौलं, पाण्याच्या कितीतरी खाली. मग मी मान वर केली. त्या दिवसाचे सगळे बांध मी एकावर एक रचले. ढगाचा एक पातळ पट्टा गेला, तो बहुतेक तेवढ्याच उंचीवर असेल. तिथे माझी मुलगी राहते.  वोब्बे मात्र हात गुडघ्यांवर ठेवून उभा होता, आणि एवढं चढूनही त्याच जुन्या बांधावर होता.

ऑगस्टमध्ये निघालो. मुक्काम ठरल्याप्रमाणे. दर संध्याकाळी तो आदल्या दिवसापेक्षा थोड्या उंच जागी उभा राहून खाली बघायचा आणि कॅम्परमध्ये येऊन म्हणायचा, "टाकं भरलं." काळ्या जंगलात एका कड्यावर त्याचे ओठ पांढरे पडले होते, तरी त्याने कॉफी संपवली. मग एका दुपारी बोगद्यातून बाहेर आलो आणि समोर ते होते.

मी कॅम्पर कडेला घेतला, कारण मलाच चालवता येईना. आधी तीनदा पाहिलेले तेच डोंगर. पण आता मला बांध मोजायची सवय लागली होती, आणि मोजता मोजता मी थांबले, मला आकडाच पुरेना. जंगल संपून खडक, खडक संपून बर्फ, आणि त्याच्याही वर आणखी खडक. एवढं सगळं नुसतं उभं होतं, कुणी धरलेलं नसताना. वोब्बेने टोपी काढली. चर्चमध्येसुद्धा तो आठवण करून दिल्याशिवाय काढत नाही.

"यांच्यासाठी पाणी उपसायला कुणी लागत नाही," तो हळूच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पहाटे चढायला लागलो. तो पुढच्या चाकाकडे बघत चालवायचा आणि टाकं आलं की थांबून मान वर करायचा. मी निम्मा रस्ता सायकल ढकलली, लपवण्यासारखं त्यात काही नाही. झाडं होती तोवर बरं चाललं होतं. मग एका वळणावर झाडं एकदम संपली आणि डाव्या हाताला काहीच नव्हतं. दरी थेट खाली, तळाशी आमचा कॅम्पर पांढऱ्या खड्याएवढा. वोब्बे सायकलवरून उतरला, उजवीकडच्या गवतात बसला आणि दोन्ही मुठींत गवत धरलं. त्याची बोटं मला ओळखू येईनात, इतकी ताणलेली होती.

"मागे फिरू या," मी म्हटलं. मला खरंच तसं वाटत होतं. "इथवर आलास, मी सांगीन तिला."

त्याने मान हलवली. हो की नाही, कळलं नाही. पुढेही जाईना, मागेही येईना. अर्ध्या जिन्यात बसलेलं ते पोर मला दिसलं.

वरून चाकांचा आवाज आला. लादीना वळणावरून झोकात आली, आमच्यापाशी थांबली आणि आजोबांच्या मुठींकडे तिने पाहिलं. कधीपासून बसलाय वगैरे तिने विचारलं नाही.

"आजोबा, कितवा बांध?"

 "एकशे तिसावा," तो म्हणाला.

"मग आता एकशे एकतिसावा," ती म्हणाली. "तो त्या दगडापर्यंत आहे. मी दरीच्या बाजूने चालते."

ती दरीच्या बाजूला जाऊन उभी राहिली. त्याने एक मूठ सोडली, मग दुसरी. दगडापर्यंत ते दोघं चालत गेले, मधे तिची सायकल. तिथे ती म्हणाली, "एकशे बत्तिसावा त्या कुंपणापर्यंत." मी मागून माझी आणि त्याची, अशा दोन सायकली ढकलत होते आणि रडत होते. दोन्ही हात गुंतलेले, म्हणून डोळे तसेच ठेवले.

नीन्के घराबाहेर उभी होती, हात कोपरापर्यंत दुधाने ओले. दहाची कॉफी केव्हाच होऊन गेली होती, दुपार कलली होती. तिने बापाला मिठी मारली नाही, आमच्याकडे तसं एकदम मारत नाहीत. त्याचा चेहरा नीट पाहिला आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"कारण पंप नव्हते," वोब्बे म्हणाला. "मला उंचीची भीती वाटते. लहानपणापासून. तुला सांगायची लाज वाटत होती."

 मग अॅप्रनला हात पुसत नीन्के म्हणाली, "चल, एक दाखवायचंय."

घरामागे कुरण चढत जातं. तिथे गवतात एक खडक होता आणि खडकाखालून बोटाएवढी पाण्याची धार येत होती, आवाजसुद्धा न करता. गाईंच्या पायांनी तिथे चिखल झाला होता. धार गवतातून उतरून कड्यापर्यंत जात होती आणि खाली नाहीशी होत होती.

"हे खालच्या ओढ्याला मिळतं," नीन्के म्हणाली. "ओढा राईनला."

पुढचं तिने सांगितलं नाही. पुढचं त्याला तोंडपाठ होतं, सगळी गावं, सगळे आकडे, आमच्या बांधापर्यंत. वोब्बे गुडघ्यांवर बसला आणि त्याने पाण्याखाली हात धरला. त्याचे खांदे हलायला लागले. मी त्याला अठ्ठेचाळीस वर्षांत रडताना पाहिलं नव्हतं.

"मी म्हणालो होतो दाखवीन," तो म्हणाला. "तुलाच दाखवावं लागलं."

"मी इथे आले ना, तेव्हा आधी हेच शोधलं," ती म्हणाली. "म्हटलं, बाबा आला की दाखवू."

तो बराच वेळ तसाच बसून होता. ओंजळ भरत होती, बोटांतून गळत होती, तो पुन्हा धरत होता. लादीना शेवटी कंटाळली.

"आजोबा, सोडा ना ते."

"सोडतो," तो म्हणाला आणि ओंजळ अलगद गवतात रिकामी केली. "जाऊ दे खाली. तिकडे पंपावर माणसं आहेत."

मग नीन्केने त्याला उठायला हात दिला, आणि त्याने तो घरापर्यंत सोडला नाही.